तिरकी खुर्ची

"दुःखाच्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत, म्हणजेच नेतृत्व!" समाजसेवी संस्थेचे संस्थापक आणि संचालक आप्पा दर वार्षिक सभेत हे वाक्य म्हणत, टाळ्या ओसरेपर्यंत थांबत, आणि ती हिंमत वापरायची वेळ आली की त्यांची दाढ दुखू लागे.

ही दाढ संस्थेइतकीच जुनी होती. एखाद्या आईला सांगायचंय की तुझं मूल एवढ्यात तुझ्याकडे परत येणार नाही, किंवा एखाद्या म्हाताऱ्याला सांगायचंय की मुलाने फोन उचलला, पण घ्यायला येत नाही म्हणाला, की आप्पांचा हात गालावर गेलाच. "ताई, तेवढं तुम्ही बघा. माझी दाढ आज जरा..." पुढचं वाक्य ते जिन्यात पूर्ण करत. पुढे वय झालं, आप्पांचे सगळे दात पडले, कवळी बसली. दाढ दुखायची मात्र थांबली नाही.

ताई, म्हणजे संस्थेतल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या, तेवढं बघत आल्या. बघायला जागा नव्हती ही गोष्ट वेगळी. संस्थेत दार लागणारी खोली एकच, संचालकांची. तिथे आप्पा देणगीदारांबरोबर फोटो काढत. म्हणून ताई लोकांना अडगळीच्या खोलीत नेत आणि जुन्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये बसून जे सांगायचं ते सांगत. त्या दाराला कडी नव्हती. ऐन हुंदक्याच्या वेळी कुणीतरी झाडू न्यायला येई, "चालू द्या, चालू द्या" म्हणे आणि झाडू घेऊन जाई. संचालक झाल्यावर पहिलं काम काय करायचं, हे ताईंनी केव्हाच ठरवलं होतं. आपलं टेबल व्हरांड्यात काढायचं आणि ती दाराची खोली या लोकांना द्यायची. खुर्चीचा मोह नव्हता असं मात्र नाही. ताई काही संत नव्हत्या. खुर्ची हवी होती, फक्त दारासकट हवी होती.

आणि आता आप्पा निवृत्त होत होते. विश्वस्तांची बैठक झाली होती, आणि सकाळी निरोप आला होता की संचालकांच्या खोलीत या. ताईंनी ठेवणीतले कपडे काढले; एरवी ते एखादी मोठी वाईट बातमी द्यायच्या दिवशीच निघत. नवऱ्याने चष्म्यावरून पाहिलं.

"आज कुणाचं वाटोळं झालंय?"

"आज माझं भलं होणार आहे."

"बरं बरं. मग संचालकीणबाई, घरातल्या गळक्या नळाची केसही हातात घ्या. बिचारा वर्षभर रडतोय."

ताई हसत बाहेर पडल्या. त्या हसत घराबाहेर पडल्या, हेसुद्धा नवऱ्याला बातमीसारखं वाटलं.

खोलीत आप्पा नव्हते. चिरंजीव होते. हा ताईंचा पोटचा मुलगा नव्हे. ताईंनी हाताला धरून शिकवलेला म्हणून सगळी कचेरी त्याला 'ताईंचे चिरंजीव' म्हणे. कॉलेजातून नवा आला तेव्हा पहिल्याच घरभेटीत घरच्या बाईपेक्षा हाच जास्त रडला होता. शेवटी त्या बाईनेच उठून त्याला पाणी दिलं. ताईंनी त्याला घडवलं. मग तो नेतृत्वाचा कोर्स करून आला आणि माणसांना लाभार्थी व अडचणींना संधी म्हणू लागला.

"या ताई, बसा ना."

ताई बसणार, तोच त्यांची नजर खुर्चीवर गेली. खुर्ची तिरकी होती.

ही युक्ती त्यांचीच. प्रत्येक नव्या तुकडीला त्या पहिल्या दिवशी सांगत: "समोरासमोर बसलं की भांडण होतं, शेजारी बसलं की लग्नाची बोलणी होतात. वाईट बातमीला खुर्ची तिरकी. माणसाला आपल्याकडे बघता आलं पाहिजे आणि आपल्याकडे न बघताही आलं पाहिजे."

"आप्पा बरे आहेत ना रे?" ताईंनी उभ्या उभ्याच विचारलं.

"एकदम ठणठणीत. ते आज यायचेच होते, पण त्यांची..."

"दाढ?"

"हो."

ताई बसल्या. टेबलाच्या या कडेला पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता. तोही पाठ त्यांचाच: तहान लागल्यावर विहीर खणू नये, रडू फुटायच्या आधी पाणी हाताशी हवं. काय वाढून ठेवलंय हे त्यांना कळलं. तरीही, ज्या बाईने आयुष्यभर हेच वाढलं, तिला आपल्या पानात ते कसं दिसतं, हे बघण्याची थोडी उत्सुकता होतीच.

"ताई, आज कशासाठी बोलावलं असेल, तुम्हाला काय वाटतं?" चिरंजीवांनी मृदू आवाजात विचारलं.

"बरोबर. आधी समोरच्याला किती माहीत आहे ते विचारायचं. पुढे?"

"विश्वस्तांना तुमच्या कामाबद्दल अतिशय आदर आहे, पण..."

"पण नाही वापरायचा."

"अरे हो." चिरंजीव ओशाळले. "पुन्हा घेऊ का?"

"घे. आणि एका वाक्यात. माणूस ऐकायला बसलाय, कीर्तनाला नाही."

चिरंजीवांनी श्वास घेतला. "ताई, विश्वस्तांनी संचालक म्हणून माझी निवड केली आहे."

"छान!" सवयीने ताईंच्या तोंडून निघालं. विद्यार्थ्याचं वाक्य अगदी नेटकं आलं होतं. मग त्या वाक्याचा अर्थ पोचला, आणि ताईंनी ग्लासाकडे हात नेला. पाणी खरोखर अगदी हाताशी होतं.

बातमी दिल्यावर आपण गप्प बसायचं, हा पुढचा पाठ. लोक रडतात ते बातमीने. चिडतात ते आपल्या पुढच्या वाक्याने. चिरंजीव गप्प बसले. अगदी मन लावून गप्प बसले. मग टेबलावर त्यांचा मोबाइल थरथरला, त्यांनी तो उलटा ठेवला, थोडा वेळ धीर धरला, आणि पुन्हा सुलटा करून पाहिला.

"का?" ताईंनी विचारलं.

"त्यांचं म्हणणं असं पडलं की तुम्ही कामात फार असता. नेतृत्वाला वेळ कुठून काढणार?"

"आणि मी?"

"तुम्ही ज्येष्ठ मार्गदर्शक! आता लोकांच्या भेटी नाहीत, धावपळ नाही. ताई, तुम्हीच शिकवलंत ना, आपण असं काम करावं की समोरच्याला आपली गरजच उरू नये? संस्था आता त्या टप्प्यावर आली आहे."

म्हणजे जिला बाहेरचा मार्ग दाखवला, ती मार्गदर्शक. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात; ही तर व्याजासकट फळली होती. 'मला तुमचं दुःख समजतं' असं तेवढं त्याने म्हटलं नाही. ते वाक्य म्हणायचं नसतं, हेही त्याच्या लक्षात होतं. पोरगा खरंच चांगला शिकला होता.

"आणि ही खोली?" ताईंनी शेवटचं विचारलं. "अडगळीच्या खोलीत लोक रडतात रे. त्यात कुणीतरी झाडू न्यायला येतं."

"माझ्या मनात आहे ते. पण पाहुण्यांना दाखवायला आपल्याकडे एवढी एकच खोली आहे, ताई. अडगळीच्या खोलीला आपण छान नाव देऊ. 'संवाद'! कसं वाटतं?"

"कडी लावली तर त्याहून छान वाटेल," ताई म्हणाल्या आणि उठल्या.

"ताई, एक मिनिट." चिरंजीवांनी घसा खाकरला. "संस्थेची गाडी विकायचं ठरलंय. म्हणजे ड्रायव्हरकाकांनाही आजच सांगायचंय. ते बाहेर बाकावर बसलेत."

"मग सांग की. आत्ताच तर इतकं छान जमलं तुला."

चिरंजीवांचा हात हळूहळू वर गेला आणि गालावर टेकला.

"ताई, माझी दाढ..."

ताईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तरणाताठा माणूस, शुभ्र, शाबूत बत्तीशी. आप्पांनी चार्ज अगदी पद्धतशीर दिला होता.

"नाही," ताई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाल्या, त्यामुळे आवाज जरा मोठा लागला.

"बरं." चिरंजीव जराही रागावले नाहीत. त्यांनी मोबाइल उचलला. "मग मेसेजच टाकतो. मजकूर तयारच आहे, फक्त नाव बदलायचं."

इतकी वर्षं ताई कुणाच्या तरी दारात वाईट बातमी घेऊन जात, तेव्हा ड्रायव्हरकाका बाहेर गाडीत बसून राहत. ताई परत आल्या की काही विचारत नसत. फक्त गाडी सावकाश सुरू करत आणि येताना लांबच्या रस्त्याने आणत. आता ते जाण्यायेण्याच्या वाटेवर, बाकावर बसून, चष्मा शोधून ती अक्षरं लावत बसणार, आणि कुणीतरी त्यांना पाय बाजूला घ्यायला सांगून झाडू घेऊन जाणार.

"ठेव तो फोन," ताई म्हणाल्या.

त्यांनी ग्लास विसळून आणला. ताजं पाणी भरलं. उठताना खुर्ची जराशी सरकली होती, ती पुन्हा तिरकी केली. मग टेबलाला वळसा घालून त्या संचालकांच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची मऊ होती आणि भलतीच उंच. ताईंचे पाय जमिनीला टेकेनात. पण समोर दार होतं, त्याला कडी होती, आणि आज एका माणसाला तरी ती लावून सांगता येणार होतं. ताईंनी खुर्चीखालचा दांडा चाचपला.

"पाठवतो काकांना." चिरंजीव दारापर्यंत गेले. हात गालावरून केव्हाच खाली आला होता. तिथे ते थबकले, वळले, आणि त्यांचा चेहरा इतका हळवा झाला की ताईंनाही क्षणभर वाटलं, आता हा पोरगा काहीतरी बोलणार.

"ताई, एक विनंती होती."

"बोल रे."

"खुर्चीची उंची तेवढी बदलू नका. सकाळीच माझ्या मापाने बसवून घेतलीय."