सहीपुरता माणूस

साहेब, हा नियम केलात तेव्हा तुम्ही एकटे नव्हता. घरून डबा आला असेल, गोळी घेतली का म्हणून कुणाचा तरी फोन आला असेल, आणि त्या भरल्या पोटी तुम्ही लिहून टाकलंत: 'शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकाची सही आवश्यक.' ज्याला जवळ कुणीच नाही त्यानं काय करायचं, हा प्रश्न तुमच्या डोक्यात शिरलाच नाही. शिरला असेल आणि तरीही पेन चालवलं असेल, तर तुम्ही नुसते आळशी नाही, दुष्ट आहात.

तुमच्या पेनाचा फटका बसला टाइमबाईला.

टाइमबाई म्हणजे बसडेपोतली टाइमकीपर. कुठली गाडी कधी सुटली, कोण उशिरा आला, कुणी लॉगशीटवर खोटी वेळ टाकली, सगळं तिच्या काचेच्या खोलीतून जायचं. पन्नाशीचे मिशीवाले ड्रायव्हर तिच्यापुढं शाळकरी पोरांसारखे कारणं सांगत उभे राहायचे. ती स्वतः एकोणचाळीसची. पित्ताशयात तीन खडे. दोनदा ड्युटीवरच पोट धरून खाली बसली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता थांबू नका. पुढच्या वेळी जिवावर बेतेल."

मग ती हॉस्पिटलच्या भरतीच्या खिडकीपुढं उभी राहिली.

"नवरा?" आतल्या कारकुनानं विचारलं.

"नाही."

"वारला की सोडला?"

"केलाच नाही."

कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली. "भाऊ?"

"परगावी. आई त्याच्याकडंच, अंथरुणाला खिळलेली."

"मग आणा एखादी मैत्रीण. बहीण म्हणून लिहून टाकू. तुमचंही काम होईल, माझंही."

मैत्रिणींना तोटा नव्हता. वसतिगृहाच्या एका खोलीत पाच जणी राहायच्या, त्यातल्या चौघींची लग्नं झाली आणि चारही लग्नांत टाइमबाई राबली. स्टेजवर नाही, स्टेजच्या मागं. नवरीची पर्स सांभाळ, नवरीच्या चपला सांभाळ, नवरीच्या आईची रक्तदाबाची गोळी सांभाळ. चारही आल्बममध्ये ती आहे, कुठं नुसतं कोपर, कुठं अर्धी वेणी. पहिल्या तीन लग्नांत कुठली ना कुठली मावशी तिची हनुवटी धरून म्हणाली, "आता तुझा नंबर हं." चौथ्या लग्नात कुणी म्हणालं नाही. ते जास्त लागलं.

तिनं सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला फोन केला. ऑपरेशनची तारीख शनिवारची मिळाली होती.

"शनिवारी? अगं, शनिवारी हे घरी असतात."

"मग बरंच झालं. मुलाला ते बघतील."

"हे? हे मुलाला बघतील?" मैत्रीण इतकी हसली की तिला ठसका लागला. "तुला ना, संसारातलं काही म्हणजे काही कळत नाही."

"खड्यांतलं कळतं."

"चिडू नकोस गं. पण खरं सांगू? वेळेवर केलं असतंस, तर आज सहीला घरचं माणूस असतं."

म्हणजे नवरा करायचा तो सहीसाठी! हे आधी कुणी सांगितलं असतं, तर एखादा शिक्का बनवून घेतला असता.

दुसरीच्या मुलीची परीक्षा निघाली, तिसरीची सासू आली होती, चौथीनं फोन न उचलता रडका चेहरा पाठवला. भाऊ म्हणाला, "इकडंच येऊन कर ना ऑपरेशन." तिनं विचारलं, "आणि त्यानंतर तुझी बायको मला किती दिवस ठेवून घेईल?" भाऊ गप्प झाला. त्याचा स्वभाव चांगला, खोटं बोलता येत नाही.

ती पुन्हा खिडकीपाशी गेली, हुज्जत घालून परत फिरली, तेव्हा बाकावरून आवाज आला.

"मीही बिनसहीचाच आहे, बाई."

खिडक्यांना काचा बसवणारा होता तो. बेचाळीस वर्षांचा, बोटांवर बारीक बारीक पांढरे व्रण. जड काचा उचलून उचलून हर्निया झालेला. आईवडील नाहीत. एक ताई आहे, पण तिनं आणलेल्या अकरा मुली त्यानं नाकारल्या, तेव्हापासून तिनं अबोला धरलाय.

"अकरा?" टाइमबाई म्हणाली. "एवढी काय खोट होती त्यांच्यात?"

"काहीच नाही. मलाच कळेना, रोज संध्याकाळी यांच्याशी बोलायचं काय."

तिला ते पटलं. वीस मिनिटांत ठरलं. त्याचं ऑपरेशन येत्या मंगळवारी, तिचं तीन आठवड्यांनी. त्याच्यासाठी ती सही करेल, तिच्यासाठी तो.

"नातं?" कारकुनानं पेन उघडलं.

"बहीण लिहा," काचवाला म्हणाला.

"बहीण नको," टाइमबाई पटकन म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो ते कळून तिचे कान तापले.

कारकुनानं दोघांकडं पाहिलं. "होणारी बायको लिहू? होणारी चालते. झालेलीच पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

"लिहा," काचवाला हसत म्हणाला. "आपली ना नाही."

मंगळवारी तिनं रजा टाकली. ऑपरेशन थिएटरच्या दारातून नर्स ओरडली, "होणारी बायको कोण आहे?" आणि कुणी खूण करायच्या आत टाइमबाई उठून उभी राहिली होती. नर्सनं तिच्या हातात त्याचं घड्याळ आणि चष्मा दिला. चार तास ती ते मांडीवर घेऊन बसली. इतक्या लग्नांत इतक्या जणींच्या वस्तू सांभाळल्या, पण यावेळी ते ओझं वाटलं नाही.

शुद्धीवर येता येता तो पुटपुटला, "बाई, गाडी वेळेवर सुटली का?"

"दहा मिनिटं उशिरा. लेखी खुलासा द्या."

तो हसला आणि टाके दुखले म्हणून कळवळला. "हसवू नका हो."

पुढचे दहा दिवस त्याचा रोज फोन यायचा. ती डेपोतून घरी पोचली की दहा मिनिटांत. टाके, गोळ्या, आज कुठल्या ड्रायव्हरनं काय थाप मारली, असलंच बोलणं. अकरा जणींशी ज्याला बोलता येईना, तो तासभर फोन ठेवत नव्हता. टाइमबाईनं आरशापुढं दोन मिनिटं जास्त उभं राहायला सुरुवात केली. एवढंच. याहून जास्त काही मनात आणलं नाही, असं ती स्वतःला सांगायची.

मग ताईनं घोटाळा केला. भावाची खबरबात घ्यायला म्हणून आली आणि टेबलावरची हॉस्पिटलची फाइल तिच्या हाती लागली. त्यात नातं लिहिलेलं. ती आधी खिडकीवर जाऊन कारकुनाशी भांडली, मग तडक डेपोत आली. काचेच्या खोलीबाहेर उभी राहून तिनं टाइमबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वय?"

"एकोणचाळीस."

"तब्येत?"

"पित्ताशयात खडे."

"बरं," ताई म्हणाली आणि निघून गेली.

आठ दिवसांनी काचवाल्याचा फोन आला.

"ताईनं एक मुलगी आणली होती."

"बारावी."

"हो. ठरलं."

"तिच्याशी बोलायचं काय, ते सापडलं का?"

"नाही," तो म्हणाला. "पण आता नाही कसं म्हणू? कागदावर होणारी बायको लिहिलं म्हणजे मी लग्नाला तयार आहे, असं ताईनं सगळ्यांना सांगितलं."

"त्या कागदावर मी होते."

"हो, बाई."

"बरं. शनिवारी सकाळी सातला या. रिकाम्या पोटी मी, तुम्ही खाऊन या."

"तेच सांगायचं होतं, बाई. आता परक्या बाईच्या कागदावर मी सही केली, तर त्या मुलीला आवडणार नाही."

टाइमबाईला त्याच्या लग्नाचं काही वाटलं नाही असं लिहिलं, तर ते खोटं होईल. वाटलं. पण त्याहून जास्त वाटलं ते शब्द फिरवल्याचं. डेपोत कितीही खोटारडे ड्रायव्हर असोत, दुसऱ्याची ड्युटी घेतली की करतात.

शनिवारी ती एकटीच गेली, उपाशी, पिशवीत गाऊन आणि टॉवेल घेऊन. खिडकीवर नवी सूचना डकवली होती: 'नातेसंबंधाचा पुरावा सोबत जोडावा.'

"पुरावा न बघताच नातं लिहितो म्हणून त्या ताईबाईंनी तक्रार केली," कारकून हळू आवाजात म्हणाला. "मला नोटीस आलीय. पुढची तारीख घेता का?"

"कधीची?"

"चार महिन्यांनंतरची."

टाइमबाईनं फाइल उचलली आणि सरळ अधीक्षकांच्या खोलीत शिरली. कारकून मागोमाग दारापर्यंत धावला.

"बाई, बसा ना," अधीक्षक म्हणाले.

"बसायला आले नाही."

त्यांनी समजूतदार चेहरा केला. "भूल दिल्यावर काही कमीजास्त झालं, तर निर्णय कोण घेणार? जबाबदार माणूस लागतं. तुमच्या भल्यासाठीच आहे हे."

"तीन आठवड्यांपूर्वी इथं एका काचवाल्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्याची जबाबदार माणूस मी होते. त्याला कुठलं औषध सोसत नाही, मला ठाऊक नव्हतं. तो राहतो कुठं, ठाऊक नव्हतं. तुमच्याच बाकावर वीस मिनिटांची ओळख."

दारातला कारकून पांढराफटक पडला.

"म्हणजे खोटी सही केलीत?"

"सही माझीच होती. नातं खोटं होतं, आणि तुम्हाला नातंच हवं होतं. त्याच्याकडं बघू नका, नियम त्याचा नाही."

"हा गुन्हा आहे, कळतंय का तुम्हाला?"

"असेल. करा तक्रार. सकाळी सहा ते दोन मी डेपोत सापडते." पोटात पुन्हा कळ उठली. तिनं टेबलाची कड घट्ट धरली, पण खुर्चीकडं पाहिलं नाही. एक कोरा कागद पुढं ओढून तिनं वरच्या कोपऱ्यात वेळ लिहिली, आठ वाजून दहा मिनिटं, खाली सही केली आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला.

"आता यावर तुम्ही लिहा. अनोळखी पुरुषाच्या पोटावर सुरी चालवायला माझी सही पुरली. माझ्या स्वतःच्या पोटावर चालवायला ती का पुरत नाही? तोंडी नको साहेब, लेखी उत्तर द्या. मी उभी आहे."