साबण लागलेली बाटली

मित्रांनो, मला औषधाच्या दुकानात शोधू नका, सरबताच्या तर मुळीच नाही. मी तळ्याचे पाणी तपासायला नेणारी एक जुनी काचेची बाटली आहे. भट्टीतून निघाले तेव्हा मला पुष्कळ बहिणी होत्या. त्या कुठे कुठे गेल्या, देव जाणे. माझे भाग्य असे, की मी पाणी तपासणाऱ्या ताईंच्या हाती पडले.

नावाडीकाका आम्हाला होडीतून तळ्याच्या मध्यावर नेत. ताई आधी तळ्याच्याच पाण्याने मला विसळायच्या, मग बाही वर सारून अलगद पाण्याखाली धरायच्या. तो गारवा अजून आठवतो. प्रयोगशाळेत त्या पाण्यात औषधाचे थेंब पडत. जितके फॉस्फेट जास्त, तितका निळा रंग गडद. फॉस्फेट म्हणजे शेवाळाचा खाऊ. तो वाढला की शेवाळ माजते आणि मासे गुदमरतात. माझे पाणी जेमतेम निळसर होई. ताई म्हणत, "गुणाची गं माझी बाटली!"

एका उन्हाळ्यात मात्र पाणी गर्द निळे झाले. ताईंचा चेहराच उतरला. संध्याकाळी नावाडीकाका ताईंच्या घरी आले, तेव्हा मी त्यांच्या पिशवीतच होते.

"काका, तळं बंद करायला सांगावं लागणार. होडीसुद्धा."

"अगं पोरी, होडी बंद म्हणजे माझी चूल बंद!"

चहा घेऊन आलेल्या ताईंच्या आई म्हणाल्या, "पाणी वाईट कसं निघेल? बाटली तर मी स्वतः घासली होती. कळकट दिसत होती मेली. कपड्यांच्या पावडरीने कशी लख्ख केली!"

ताईंनी कपाळावर हात मारला. "आई! त्या पावडरीत फॉस्फेटच असतं गं! ते काचेला चिकटतं, नुसतं विसळून जात नाही!"

"मग? माणसाने बाटली घासूसुद्धा नये का आता?"

काकांचा जीव भांड्यात पडला. "वहिनी, तुमच्या स्वच्छतेपायी मी कोरड्या जमिनीवर बुडालो असतो!"

ताईंनी मला आम्लाने धुतले, पुन्हा तळ्यावर नेले. या वेळी पाणी फिकट निघाले. होडी वाचली. सगळे हसले, आई तेवढ्या हसल्या नाहीत.

"बाटलीला चिकटलेल्या कणभर साबणाने एवढं निळं झालं," त्या हळूच म्हणाल्या, "मग आम्ही बायका रोज काठावर धुणं धुतो, त्याचं काय गं?"

दुसऱ्या दिवशी आईंनीच शेजारणींना गोळा केले आणि धुण्याचे दगड काठावरून उचलून दूर माळावर नेले. "बाटली घासता घासता अक्कल आली वाटतं!" एकीने टोमणा मारला. "आली ना? मग लाव हात दगडाला," आई म्हणाल्या.

आता ताई थकल्या, तपासणीला यंत्रे आली. माझ्या गळ्याचा टवका उडाला आहे. फळीवर धूळ खात बसते. तक्रार नाही. फक्त एवढेच, मित्रांनो, साबणाचे पाणी ओतून देण्याआधी ते उतारावरून कुणाच्या घरात शिरणार, हे जरा बघा. मासळीला दार लावून घेता येत नाही.