गोदावरी नेली, समुद्र आणला

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा गडू आहे. एवढंच मी खात्रीने सांगू शकतो.

पैठणच्या तांबटाने मला ठोकून घडवलं. द्वारकाबाईंनी मला विकत घेतलं, घाटावर गोदावरीचं पाणी भरलं, फिरकीचं झाकण घट्ट लावलं आणि संभाजीनगरला सिडकोतल्या देवघरात ठेवलं. माणूस शेवटचे श्वास घेत असताना त्याच्या तोंडात घालायचं पाणी सांभाळणं, हे माझं काम. सणावाराला त्या मला चिंचेने घासत. शेजारणी कौतुक करत.

पुढे त्यांची मुलगी प्रांजली मस्कतला नोकरीला गेली. तिच्याकडे महिनाभरासाठी निघताना द्वारकाबाईंनी मला साडीत गुंडाळून बॅगेत ठेवलं. परक्या मुलखात काही झालं तर पाणी जवळ असावं, म्हणून.

शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत प्रांजलीने आईला समुद्रकाठच्या रिसॉर्टवर नेलं. द्वारकाबाई समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या. दोघींनी मिळून पाण्यात पाय बुडवायचे, एवढीच त्यांची हौस. पण ऑफिसचे फोन थांबेनात. प्रांजली हातानेच खूण करायची, उद्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं आणि खोली सोडायची वेळ आली.

तेव्हा द्वारकाबाई मला घेऊन वाळूत उतरल्या. माझ्यातली गोदावरी त्यांनी लाटेत ओतली आणि मला समुद्राच्या पाण्याने भरलं. पाय मात्र कोरडे ठेवले.

"गोदावरीला तरी समुद्र बघू दे," त्या मुलीला म्हणाल्या. "आन् हे मी घरी नेते. तू सुट्टीला आलीस की परातीत वतू. दोघी पाय बुडवू."

मी पुन्हा देवघरात आलो, पण माझं काम काय, तेच मला कळेना. देवासमोर बसलेला मी पवित्र होतो, की नुसतं खाऱ्या पाण्याचं भांडं?

प्रांजलीला सुट्टी मिळायला दोन वर्षं लागली. ती पोचली तेव्हा द्वारकाबाईंना जमिनीवरच्या अंथरुणात घेतलं होतं. डोळे मिटलेले. सकाळी श्वास अडखळू लागला, तशी तिची आत्या गोजरबाई मला घेऊन आली. झाकण फिरवून तिने चमच्यात पाणी घेतलं. प्रांजलीने तिचा हात धरला.

"आत्या, ते खारं आहे."

"गोदावरीचं पाणी खारं आसतंय व्हय? येडी झालीस का, पोरी?"

प्रांजलीने स्वयंपाकघरातून परात आणली, आईची पावलं अलगद तीत ठेवली आणि समोर बसून शेजारी आपली टेकवली. मग मला उपडं केलं. द्वारकाबाईंची बोटं जराशी हलली. पाण्यामुळे की आणखी कशामुळे, ते मला समजलं नाही. गोजरबाईने शेवटी तोंडात नुसतं तुळशीपत्र ठेवलं.

आता मी रिकामा आहे. मिठाने माझ्या पोटात हिरवा डाग पडला आहे. प्रांजली बाकीची भांडी लख्ख घासते. मला मात्र फक्त बाहेरून पुसते. ही काळजी आहे की हेळसांड, मला अजून उमगलेलं नाही.

मित्रांनो, जुनी भांडी जपा, चिंचेने घासा. मला आतून घासण्याआधी मात्र प्रांजलीला विचारा.