मखमलीची दोन पानं

"वन्सं, बाहेर या! आता, आता!"

पण वन्सं बाहेर यायच्या ऐवजी काचेच्या गोल दाराबरोबर फिरून पुन्हा रस्त्याकडे गेल्या. दार फिरत होतं, वन्सं आत चालत होत्या आणि वहिनी अलीकडे हात पसरून उभ्या होत्या, पाळण्यातून पोर उतरवून घ्यावं तशा. शेवटी दारवानानंच दार अडवलं आणि वन्संना अलगद आत घेतलं.

"दोन फेऱ्या झाल्या," धापा टाकत वन्संनी त्याला विचारलं, "तिकीट लागतं का हो याला?"

दारवान खळखळून हसला आणि वहिनींचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून त्यांना एकच धास्ती होती, की स्टेशनाला चिकटून उभ्या असलेल्या या जुन्या राजेशाही हॉटेलच्या दारातच कुणीतरी विचारेल, बायांनो, तुमचं इथं काय काम?

काम तर होतं. एक पडदा बघायचा होता.

तो पडदा या नणंद-भावजयींनीच शिवलेला, तरुणपणी, इथून कितीतरी लांबच्या गावात. वहिनींचा नवरा, म्हणजे वन्संचा दादा, कापड बेतायचा आणि या दोघी मशीन चालवायच्या. एक दिवस या हॉटेलची मागणी आली. जिन्यावरच्या मोठ्या खिडकीला मखमलीचा पडदा हवा होता. खिडकी एवढी उंच, की पडदा पसरायला घरात जागाच नव्हती. मग दादानं त्याची दोन पानं केली. डावं वन्संकडे, दुकानात. उजवं वहिनींकडे, धान्याच्या व्यापाऱ्याच्या रिकाम्या गोदामात. जे पान शिवून झालं ते आगगाडीनं रवाना. दोन्ही पानं एकमेकांशेजारी कुणी पाहिलीच नाहीत.

आणि नेमका त्याच वेळी दोघींचा अबोला चालू होता. कारण काय, तर खिडकीजवळचं मशीन. उजेड तिथंच चांगला, आणि तिथं बसायचं कुणी? वन्संना शिवताशिवता गाणी जुळवायची खोड. दुकानात बसून, भिंतीला ऐकवल्यासारखं, त्या म्हणायच्या:

खिडकीचं ऊन गं, एकीनं पांघरलं,
दुसरीनं अंधारात सुईदोऱ्याला सावरलं.

भिंतीपलीकडे वहिनी भांडी जरा जास्तच आदळायच्या. मधे दादा बिचारा निरोप्या. "तिला सांग, मोठी कात्री माझ्याकडे नाहीये म्हणावं." "तिला सांग, मी विचारलीच नव्हती म्हणावं."

तो अबोला पुढं कधीतरी विरून गेला. दादाही गेला. राहिल्या दोघीच, एका छपराखाली, एका चहाच्या किटलीवर भांडत. पडदा बघायचा तेवढा राहून गेला होता. "आयुष्यभर तुकडेच शिवले गं," वन्सं म्हणायच्या, "एकदा काहीतरी अख्खं बघायचंय." यंदा त्यांच्या डोळ्यांपुढचं धुकं वाढलं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकेल तोवर टिकेल. त्याच आठवड्यात वहिनींनी गाडीची तिकिटं काढली.

सकाळी त्यांनी शहर पाहिलं, म्हणजे वहिनींनी पाहिलं आणि वन्संना सांगितलं. जुन्या तटाचे दगड, वेशीचा भलामोठा दरवाजा, घासून गुळगुळीत झालेली फरसबंदी, कबुतरांनी गजबजलेला घड्याळाचा मनोरा. वन्सं हुं हुं करत होत्या.

"तट-मनोरे राहू दे, वहिनी. ते कुठं जात नाहीत. आधी माझी मखमल दाखव."

आता ती समोर होती. रुंद दगडी जिना वर जाऊन दोन बाजूंना फाटत होता, आणि जिथं फाटत होता तिथंच ती खिडकी, थेट छतापर्यंत. दोन्ही बाजूंना पडद्याची पानं गोळा करून बांधलेली. पलीकडे स्टेशनचं काचेचं छप्पर आणि त्याखालून निघालेली एक गाडी. वन्संना हाताला धरून वहिनी निम्मा जिना चढल्या. मग मान वर करून थांबल्या.

डावं पान गर्द होतं, पिकल्या जांभळासारखं. उजवं उजळ, सूर्य नुकताच बुडाल्यावर आभाळ असतं तसं. एकाच ताग्याचं कापड, आणि रंग दोन.

का, ते वहिनींना लगेच कळलं. मखमलीला लव असते, एकाच दिशेला कललेले बारीक तंतू. लव खाली ठेवून शिवलं तर हात वरून खाली सर्रकन घसरतो आणि कापड उजळतं. लव वर ठेवली तर हात अडखळतो आणि रंग गडद होतो. वन्संच्या वडिलांच्या दुकानात लव कायम खाली. वहिनींच्या माहेरी कायम वर. लग्न होऊन आल्यावर यावरून किती वाद झाले होते! आणि त्या अबोल्यात, गोदामात एकट्या बसून, वहिनींनी मुकाट्यानं आपलं माहेर बाजूला ठेवलं होतं. लव खाली लावली होती, वन्संसारखी. पडदा एकसारखा व्हावा म्हणून. कुणाला बोलल्या नव्हत्या.

मग डावं पान गर्द कसं?

"गप्प का झालीस?" वन्संनी विचारलं. "फाटलाय का?"

"नाही हो. झकास आहे."

"रंग?"

"तोच. जांभळासारखा." वहिनींचा आवाज कापला. "दोन्हीकडे सारखाच."

"मग रडतेस कशाला? ने मला जवळ."

"वन्सं, नको. हात लावू देणार नाहीत."

"मीच शिवलंय, मला कोण अडवतंय?"

वन्सं चढल्यासुद्धा. त्यांनी डाव्या पानावर तळवा ठेवला आणि खाली ओढला. तळवा अडखळत आला. त्या समाधानानं हसल्या. मग चाचपडत उजव्या पानाशी गेल्या. तिथं तळवा सर्रकन खाली आला.

वन्सं थांबल्या. पुन्हा हात फिरवला.

"वहिनी, हे पान तुझं ना?"

"हो."

"लव खाली आहे."

"तुमच्या घरची रीत," वहिनी हळूच म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही तशीच लावणार. निदान पडदा तरी भांडायला नको."

"अगं बये!" वन्संनी कपाळाला हात लावला. "आणि मी तुझ्या माहेरची लावली! आमच्या वडिलांनी पाहिलं असतं तर घराबाहेर काढलं असतं मला. म्हटलं, ती हट्टी आहे, ती काही वाकायची नाही. आपणच वाकावं."

मग वन्संना हसू फुटलं, वहिनींना फुटलं, आणि त्या उंच जिन्यात ते घुमायला लागलं. जिन्याखालून एक म्हातारा सेवक लगबगीनं वर आला.

"आवडला का पडदा?" त्यानं विचारलं. "लोक लांबून बघायला येतात. आम्ही याला सांज-रात म्हणतो. ही सांज, ही रात्र. संध्याकाळची गाडी आली की ओढतो. कुणी मोठ्या कलावंतानं मुद्दाम केलंय म्हणतात."

"कलावंत कसला!" वन्सं ताठ उभ्या राहिल्या. "दोन भांडकुदळ बायका होत्या. एक ही आणि एक मी."

म्हाताऱ्यानं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. वन्संचा तळवा अजून मखमलीवरच होता, झोपल्या लेकरावर ठेवावा तसा. त्याला पुढं काही विचारावंसं वाटलं नाही.

"मग आज मी कशाला ओढू?" तो म्हणाला, आणि खालच्या लोकांना हाक देत सुटला. दारवान आला, स्वयंपाकघरातली माणसं आली, चहा टाकून पाहुणे आले. खिडकीखाली गाडी येऊन थांबली. डावी दोरी वन्संच्या हातात, उजवी वहिनींच्या.

"बरोबर ओढ हं," वन्संनी बजावलं. "पुढं धावू नकोस."

"तुम्हीच मागं राहू नका."

पानं सरकू लागली. सांज इकडून आली, रात्र तिकडून, आणि मधोमध एकमेकींना टेकली. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता सांग," टाळ्यांत वन्सं म्हणाल्या, "खरं सांग, कसं दिसतंय?"

"अख्खं," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत डबा जवळजवळ रिकामाच होता. वहिनींनी खिडकीजवळची जागा हातानं झटकली.

"बसा, वन्सं."

"मला काय दिसणार आहे? तू बस."

"वारा तरी लागेल. तुम्ही बसा."

"म्हटलं ना, तू बस. आता पुन्हा सुरू करू नकोस."

तिथं कुणीच बसलं नाही. दोघी बाकाच्या अलीकडच्या टोकाला खांद्याला खांदा लावून बसल्या, आणि खिडकीजवळच्या जागेवर गावापर्यंत ऊनच बसून आलं.