चौकडीची चादर

टेबलावरच्या यंत्रात लाल दिवा लागला आणि सोमनाथनं चादर बाजूच्या पिंजऱ्यात टाकली.

"कंडम."

वहिदानं ती पिंजऱ्यातून लगेच उचलली. समोर उशांचे अभ्रे घडी करत बसलेल्या मालनबाई हसल्या. "काय गं, सोनं सापडलं का? पोछ्याचं कापड हाय ते आता."

चादर छातीशी धरून वहिदा तशीच उभी राहिली.

बीड बायपासवरच्या या खाजगी दवाखान्याच्या तळघरात कपड्यांची खोली आहे. प्रत्येक चादरीच्या, अभ्र्याच्या, ऑपरेशनच्या हिरव्या झग्याच्या कडेत बोटाच्या पेराएवढी चिप शिवलेली असते. कपड्यांची ट्रॉली दारातून गेली की चौकटीतलं यंत्र आतली एकूण एक चिप वाचतं. कोणता कपडा कोणत्या मजल्यावर आहे आणि किती वेळा धुतला गेला, ते पडद्यावर येतं. ठरलेली धुणी संपली की लाल दिवा लागतो आणि कापड फरशी पुसायला जातं. चिपा शिवायचं काम वहिदाचं.

ही चिपही तिनंच शिवली होती.

तिचा नवरा शफीक चौथ्या मजल्यावर आजारी होता तेव्हाची गोष्ट. त्याला वॉर्डातल्या एसीची थंडी सोसेना, म्हणून तिनं घरची चादर आणली. निळ्या चौकडीची, जाड. शहागंजात तो गाद्यांच्या खोळी शिवायचा, तेव्हा दोन पन्हे जोडून त्यानं ती स्वतः शिवली होती. वॉर्डात रोज सकाळी सगळे कपडे ओढून धुवायला नेत. बिनचिपेचं कापड निवडायच्या टेबलावर आलं की बेवारस म्हणून वेगळं पडतं आणि शनिवारी चिंधीवाल्याकडं जातं. घरची चादर अशी जाऊ नये म्हणून वहिदानं दवाखान्याची एक चिप तिच्या कडेत शिवली आणि यंत्रासमोर धरली. त्या क्षणी ती चादर दवाखान्याची झाली. पण धुऊन परत येत राहिली, तोवर वहिदाला तेवढंच पुरेसं होतं.

शफीक गेला त्या सकाळी चादर धुण्यात होती.

इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढून वहिदा कामावर परतली तेव्हा चादर मजल्यामजल्यांवर फिरत होती. माझी आहे म्हणावं तर चिप का लावली, हे सांगावं लागणार. आदल्याच वर्षी दोन अभ्रे पिशवीत घातलेल्या एका आयाला गेटवर यंत्र वाजलं म्हणून घरी बसवलं होतं. वहिदा गप्प राहिली.

मग तिला एक सवय लागली. सकाळी आल्यावर पडदा चालू करायचा आणि चिपेचा नंबर टाकायचा. दुसरा मजला, बाळंतिणी. पाचवा मजला, हाडांचा वॉर्ड. कधी धुण्यात, कधी कपाटात. घरी बोलायला कोणी नव्हतं. मुलगी झेबा सिल्लोडला दिलेली, ती फोनवर एकच म्हणायची, "अम्मी, इकडंच या ना आता." वहिदा म्हणायची, "आऊंगी, आऊंगी." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा चालू करून बघायची. शफीकची एक वस्तू कुठं आहे, हे रोज सांगणारं तेवढंच एक ठिकाण होतं.

"आपा, द्या इकडं. फाडायची हाय ती," सोमनाथ म्हणाला.

तो निघून जाईपर्यंत थांबली असती, तर चिप कापून चादर पिशवीत घालणं अवघड नव्हतं. पण शफीकची चादर तिला चोरून न्यायची नव्हती.

"माझी हाय ही," ती म्हणाली.

मालनबाईंचे हात थांबले.

"तुमची कशी? यंत्रात तर आपली हाय," सोमनाथ म्हणाला.

"मधला जोड बघा. दवाखान्याच्या चादरीला जोड असतो का? माझ्या मालकानं शिवली हाय." मग तिनं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, खाली बघत.

सोमनाथनं चादर उलगडली. निळी चौकडी आता नीट बघितली तरच दिसत होती. मधोमध दुहेरी शिलाई मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ होती. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला.

"लोकं दवाखान्याचं घरी नेतात. तुम्ही घरचं दवाखान्याला दिलं, तेबी गुपचूप," तो म्हणाला. कोणी हसलं नाही, तसा तो ओशाळला. "आधी का नाय बोललात?"

"नोकरी गेली असती तर?"

"आता जाणार नाय का?"

"जाईना का. चादर फाडू नका."

सोमनाथनं दाराकडं पाहिलं. "ऑफिसातल्या मॅडमला विचारलं तर कागद होतील आणि तुमचं नाव येईल. चिप काढा. कंडम म्हणून मी यंत्रातून उडवतो. कंडम कापडाचं पुढं काय केलं, ते मला कोणी विचारत नाय."

"घे की मग, बघतीस काय!" मालनबाईंनी आपली कात्री तिच्यापुढं सरकवली.

वहिदानं कडेचे टाके एकेक उसवले. चिप सोमनाथच्या हातावर ठेवली. त्यानं एक बटण दाबलं आणि पडद्यावरची ओळ गेली.

दुपारी पाळी सुटल्यावर ती कोपऱ्यात पाठ वळवून उभी राहिली. चादर नाकाशी नेली. धुण्याच्या औषधाचा वास होता, दुसरा कोणताच नव्हता. तिनं घडी करून ती पिशवीत ठेवली.

गेटवर रामकिसन चौकीदार मोबाइल बघत बसला होता. वहिदा चौकटीतून बाहेर पडली. यंत्र वाजलं नाही. वाजणार नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी ती पायरीवर थांबली, मागं फिरून आत गेली आणि पिशवी पुढं धरून पुन्हा एकदा चौकटीतून बाहेर आली.

काहीच वाजलं नाही.

रामकिसननं मान वर केली. "काय आपा, आत काय राहिलं का?"

"नाय," वहिदा म्हणाली. "आत काय नाय राहिलं."

पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती रिक्षाच्या थांब्याकडं चालू लागली.