माझं बोलणं वल्लरीने ऐकलं

मी एक रिमोट आहे, एसीचा. टीव्हीच्या रिमोटशी माझी गल्लत करू नका. तो माझ्यापेक्षा लाडका असला तरी त्याचं बोलणं तुटक असतं. आवाजाचं बटण दाबलं की तो म्हणतो, "आणखी थोडा." संपलं. माझं मात्र कुठलंही बटण दाबा, मी दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगतो. एसी चालू राहू दे, गार हवा सोड, तापमान चोवीस, पंखा मध्यम. शेवटी या सगळ्याची बेरीजही सांगतो. वाटेत काही गळलं तर बेरीज जुळत नाही, आणि एसी मग चुकीचं काही करण्यापेक्षा गप्प बसतो.

हे मी उजेडाने बोलतो. माझ्या कपाळावर एक छोटा दिवा आहे. तो भराभर लुकलुकतो, पण त्याचा उजेड माणसांच्या डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे मी इतकं सविस्तर बोलतो हेच कुणाला माहीत नव्हतं. लोक माझ्या पोटावरचा आकडा बघत आणि मला सोफ्यावर फेकून देत.

माझं पहिलं घर पुण्यात, वारज्यात, आता मी आहे त्याच फ्लॅटमध्ये. सुदर्शन आणि शर्मिला असं जोडपं होतं. त्याला अठरा लागायचे आणि वर रजई. तिला सव्वीस. तो झोपला की ती मला उचलायची, ती झोपली की तो. दोघांनी माझ्यावरून एकमेकांना काय काय सुनावलं ते सांगत नाही. भली माणसं होती. पुढे त्यांनी फ्लॅट विकला आणि दुसऱ्या गावी गेले. एसी भिंतीवर राहिला आणि मी स्वयंपाकघरातल्या खणात, रबरबँड आणि अर्धवट मेणबत्त्यांच्या संगतीत. माझ्या पोटातल्या सेलांना पाणी सुटलं. स्प्रिंगा हिरव्या पडल्या. माझं आयुष्य संपलं असंच मी धरून चाललो होतो.

मग एक दिवस खण उघडला आणि एक हात आत आला. तो घाईचा हात नव्हता. एकेक वस्तू उचलून, चाचपून तो बाजूला ठेवत होता. मी हाती लागल्यावर त्याने माझी सगळी बटणं ओळीने तपासली, झाकण काढलं आणि नाकाशी नेलं.

"सेल गळलेत," ती स्वतःशीच म्हणाली. "पण बटणं शाबूत आहेत की!"

ही वल्लरी. तिला जन्मापासून दिसत नाही. एका बँकेच्या ग्राहक सेवेत फोनवर काम करते, बहुतेक दिवस घरूनच. हा फ्लॅट तिने स्वतःच्या पगारावर कर्ज काढून घेतला होता. तिचे वडील, शरच्चंद्र, हडपसरला राहतात. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मुलीने एकटं राहणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "उन्हाळ्यापर्यंत बघू," एवढीच परवानगी होती, आणि ती त्यांनी इतक्या कोरड्या आवाजात दिली होती की नकार त्यापेक्षा गोड वाटला असता.

वल्लरीने लिंबाच्या फोडीने माझ्या स्प्रिंगा घासल्या, पुसल्या, नवे सेल घातले. चालू-बंदच्या बटणावर तिने एक टिकली चिकटवली, तापमानाच्या दोन बटणांवर दोन वेगळ्या. एसीने पिक् केलं तेव्हा ती टाळी वाजवून हसली. मला एवढ्या आपुलकीने कुणी हाताळलं नव्हतं.

पण टिकली बटण कुठलं ते सांगते, पडद्यावर काय आहे ते सांगत नाही. त्यावर वल्लरीने युक्ती काढली. ती तापमान वाढवत वाढवत तीसच्या टोकाला न्यायची आणि तिथून मोजत खाली यायची. सहा वेळा दाबलं की चोवीस. मी मनातल्या मनात शाबासकी द्यायचो. अडचण एकाच बटणाची होती. आमचा एसी गार आणि गरम दोन्ही हवा देणारा. गार-गरमचं बटण पंख्याच्या बटणाला खेटून, दोन्ही सारख्याच आकाराची. अंगठा जरा सरकला की माझ्या पोटावर गार हवेच्या बर्फाळ चांदणीऐवजी गरम हवेचा सूर्य उगवायचा. खोली आधीच तापलेली असल्याने एसी मग काहीच न करता गप्प बसायचा, आणि वल्लरीला वाटायचं तो बिघडला.

एकदा तिने मेकॅनिकला बोलावलं. त्याने माझं एक बटण दाबलं आणि म्हणाला, "काही झालेलं नाही मॅडम. रिमोट बघून दाबत जा." त्याच्या लक्षात यायला क्षण गेला. मग खाली मान घालून तो आला तसा गेला. वल्लरीने दार लावून घेतलं. मला मात्र टेबलावर पडल्या पडल्या अपराध्यासारखं झालं.

एप्रिलमधल्या एका दुपारी तिचं डोकं भयंकर दुखत होतं. गोळी घेऊन, खिडक्या लावून ती आडवी झाली. एसीच्या हवेचा आवाजही तिला सोसेना. पंखा हळू करायला तिने मला उशाशी ओढलं आणि बटण दाबलं. आवाज थांबला. पंखा हळू झाला असं समजून तिने सुस्कारा सोडला आणि झोपली.

तिने पंखा हळू केलेला नव्हता. माझ्या पोटावर सूर्य होता. मी तो दाखवत होतो, पण कुणाला?

पश्चिमेच्या खिडकीवर ऊन चढत गेलं. शरच्चंद्र दोन बस बदलून आंबे घेऊन आले तेव्हा संध्याकाळ होत होती. बेल वाजवून दार उघडेना म्हणून त्यांनी आपल्याजवळच्या किल्लीने उघडलं. वल्लरी घामाने निथळत होती आणि नाव विचारलं तरी अडखळत होती. शेजारच्या कल्याणीताईंनी गाडी काढली. दवाखान्यात सलाईन लागलं, आणि ती रात्रीच घरी आली. डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी शरच्चंद्रांनी कपाटावरची मोठी बॅग काढली.

"हा एसी आहे की भट्टी?" ते म्हणाले. "उन्हाळ्यापर्यंत बघू म्हटलं होतं. बघितलं. आता घरी चल."

"बाबा, मी घरीच आहे," वल्लरी म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ आमोद हिंजवडीहून सुट्टी टाकून आला होता. तो मध्येच म्हणाला, "ताई, मी नवीन एसी घेऊन देतो. फोनवर चालणारा."

"आणि त्याचं ॲप माझ्या फोनला वाचता आलं नाही तर? परवा त्या पिझ्झावाल्याच्या ॲपने मला सतरा वेळा फक्त 'बटण, बटण' एवढंच ऐकवलं." तिने मला उचललं. "आमोद, हा रिमोट एसीला सांगतो म्हणजे नक्की काय सांगतो? मला तेच ऐकायचंय."

"अगं, तो उजेड असतो. दिसत नाही."

"तुला तरी कुठे दिसतोय?"

आमोद हसला. शरच्चंद्रही हसले असते, पण ते रागावलेले होते.

आमोदने बाजारातून तो न दिसणारा उजेड टिपणारा एक चिमुकला डोळा आणला. हरभऱ्याएवढा, तीन पायांचा, एसीच्या पोटात असतो तसाच. तो त्याने लॅपटॉपला जोडला आणि मला त्याच्यासमोर धरून बटण दाबलं. माझं सगळं बोलणं निमिषात संपतं. आमोदने ते साठवलं, खूप खूप हळू केलं आणि स्पीकरवर लावलं.

टिक्, टिक्, टीऽक्, टिक्, टीऽक्, टीऽक्…

मी स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला. लांब आणि आखूड ठोके, एकामागून एक. वल्लरी गालावर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा." मग तापमान एकाने वाढवून, "पुन्हा." दिवसभर ती हेच करत राहिली. चेहरा अजून उतरलेला होता, पण कान थकत नव्हते. संध्याकाळपर्यंत तिने शोधलं की तापमान बदललं की माझ्या लांबलचक वाक्यातले मधले पाचच ठोके बदलतात, आणि शेवटची बेरीज. बाकी सगळं तसंच. मी कौतुकाने बघत राहिलो. ज्यांनी मला बनवलं त्यांच्यानंतर एवढ्या बारकाईने मला कुणी ऐकलं नव्हतं.

आता त्या पाच ठोक्यांतून आकडा कसा काढायचा? आमोद म्हणाला, "सोपं आहे. पाच जागांच्या किमती डावीकडून सोळा, आठ, चार, दोन, एक. जिथे लांब ठोका, ती किंमत धरायची. आखूड असेल तर सोडायची. मग बेरीज."

त्याने बेरजा केल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. चोवीसला उत्तर आलं तीन. पंचवीसला एकोणीस. सव्वीसला अकरा. सत्तावीसला मात्र सत्तावीस. अठ्ठावीसला सात.

"हे काहीतरी गुप्त सांकेतिक केलेलं दिसतंय," तो म्हणाला. "सत्तावीस योगायोगाने जुळलं. ताई, सोडून देऊया."

शरच्चंद्र इतका वेळ बॅगेत कपडे भरत होते. भरत होते म्हणजे, एक साडी घडी करून ठेवायचे, पुन्हा काढून घडी करायचे. ठोके त्यांच्याही कानावर पडत होतेच. ते टेबलाशी आले, वर्तमानपत्राचा कोपरा ओढला आणि पेन्सिलीने उंच आणि बुटक्या रेघा मारू लागले. लांब ठोक्याला उंच रेघ, आखूड ठोक्याला बुटकी.

"सत्तावीस म्हण," ते म्हणाले.

"लांब, लांब, आखूड, लांब, लांब," वल्लरी म्हणाली.

ते रेघांकडे बघत राहिले. "शाळेत मुलांना कागदावर शाईचा थेंब टाकून घडी घालायला सांगायचो. उघडलं की दोन्हीकडे सारखं. हे तसं आहे. मधोमध दुमडलं की जुळतं. बाकीचे चार नाही जुळत."

मग वल्लरी ताडकन उठून बसली.

"म्हणजे सत्तावीस कुठूनही वाचलं तरी सत्तावीसच! आमोद, तू उलटीकडून वाचतोयस. पहिला ठोका बघ, दर वेळी पलटतो. आखूड, लांब, आखूड, लांब. दुसरा एकाआड एक पलटतो. तो आधी एकक सांगतोय रे! आपण तेच करतो. पंच-वीस. सत्ता-वीस. आधी पाच, मग वीस. तुमच्या इंग्रजीत वीस आधी."

आमोदने उजवीकडून मोजलं. चोवीस. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस. ओळीने, एकही न चुकता. तो ओरडलाच. शरच्चंद्र पेन्सिल खाली ठेवत म्हणाले, "याला मराठी माध्यमात घातलं असतं तर सकाळीच सुटलं असतं." पण त्यांचा हात वल्लरीच्या डोक्यावर होता.

पुढचं सगळं सोपं नव्हतं. गार-गरमची खूण, पंख्याची खूण, आणि ती बेरीज शोधण्यात बरेच दिवस गेले. आमोद रोज हिंजवडीच्या गर्दीतून इकडे यायचा आणि शरच्चंद्र, "आलोच आहे तर राहतो," म्हणत राहिले. शेवटी साबणाच्या डबीएवढं एक खोकं तयार झालं. त्यात तो चिमुकला डोळा आणि एक छोटा स्पीकर. मी एसीशी बोललो की ते खोकं माझं बोलणं ऐकतं आणि माणसांच्या भाषेत मोठ्याने सांगतं. बेरीज जुळली नाही तर अंदाज करत नाही, म्हणतं, "नीट ऐकू आलं नाही, पुन्हा दाबा." आवाज कुणाचा घालायचा, यावर आमोद आणि शरच्चंद्र वाद घालत बसले. तोवर वल्लरीने स्वतःचाच घालून टाकला. दिवसभर फोनवर अनोळखी लोकांना धीर देणारा तो आवाज आहे. माझ्यासाठी त्याहून चांगला कुठला मिळणार होता?

पहिल्यांदा तिने बटण दाबलं तेव्हा खोकं म्हणालं, "एसी चालू. गार हवा. सव्वीस. पंखा मध्यम." मग तिने मुद्दाम ते शेजारचं बटण दाबलं. "गरम हवा," खोकं लगेच म्हणालं. वल्लरीने ओठ घट्ट मिटले. पुन्हा दाबलं. "गार हवा."

"बाबा, तुम्ही दाबा," ती म्हणाली.

शरच्चंद्रांनी मला हातात घेतलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. आयुष्यभर चित्रं काढलेल्या त्या माणसाने अंधारात माझ्यावरून बोट फिरवलं, टिकली शोधली आणि दाबलं. "पंचवीस." पुन्हा. "चोवीस." ते डोळे मिटूनच बसून राहिले. बटण दाबत होते, ऐकत होते. किती तरी वेळ. कुणी त्यांना टोकलं नाही.

डोळे उघडल्यावर ते एवढंच म्हणाले, "पंखा हळू कर. वारं अंगावर येतंय."

वल्लरीने मला घेतलं आणि पंखा हळू केला.

सकाळी त्यांनी तिच्या साड्या कपाटात परत लावल्या. वल्लरीने सांगितलेल्याच क्रमाने. रिकामी बॅग वर ठेवली आणि हडपसरची बस धरायला निघाले. दारात म्हणाले, "उन्हाळा अजून आहे. फोन उचलत जा." परवानगीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता माझं वय झालंय. रबराची बटणं झिजलीत, झाकणाची एक खिट्टी तुटलीय आणि तिथे चिकटपट्टी आहे. माझ्यासारखे रिमोट कंपनी आता बनवत नाही. पण वल्लरीच्या बँकेतल्या दोन मैत्रिणी, दोघींनाही दिसत नाही, आपापले रिमोट घेऊन दर रविवारी इथे येतात. प्रत्येक रिमोटची बोली निराळी. कुणी एकक आधी सांगतो, कुणी दशक, कुणी बेरीज मध्येच कोंबतो. वल्लरी टेबलाशी बसून एकेकाला विचारते, "हं, तू काय म्हणतोस?" आणि आमोदच्या आधी तिला उलगडतं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरात माझा कुणी भाऊबंद सोफ्याच्या फटीत पडला असेल. त्याला बाहेर काढा, गळके सेल बदला. आणि तुमच्यापैकी कुणी आम्हाला बनवत असाल, तर एक मागणं आहे. आम्हाला पडदा दिलात तसा थोडा आवाजही द्या. सांगण्यासारखं आमच्याकडे पुष्कळ आहे. वल्लरीसारखं ऐकणारं माणूस प्रत्येक रिमोटच्या नशिबी येत नाही.

थांबतो. ती मैत्रिणींना चहा देऊन आली आहे आणि तिचा अंगठा पहिल्या टिकलीवर आलाय.