उस्मानचे काका

बस जेद्दाहून सुटली आणि गाईडनं माईकवर आपलं नाव सांगितलं, तेव्हा अण्णासाहेब दांडेकरांच्या हातातलं शंकरपाळं तोंडाशी पोचायच्या आतच थांबलं. "मी उस्मान अल जुहनी," तो पोरगेला सौदी इंग्रजीत म्हणाला. सहलीला निघालेलं बाकीचं मराठी मंडळ खिडक्यांचे पडदे ओढण्यात दंग होतं. अण्णासाहेबांनी बायकोला कोपरानं ढोसलं.

"कौमुदी, ऐकलंस? अल जुहनी!"

"मग?"

"अगं, आमचे डायरेक्टर कोण? डॉक्टर अल जुहनीच ना! हा पुतण्या असणार. कपाळ बघ, अगदी तेच."

"सगळ्यांना कपाळ असतं," कौमुदीबाई म्हणाल्या आणि त्यांनी शंकरपाळ्यांचा डबा बंद केला.

अण्णासाहेब एका खासगी इस्पितळाच्या रक्तपेढीचे प्रमुख होते. परक्यांच्या जागी सौदी माणसं नेमायच्या सौदीकरणानं आधी दुकानांतले विक्रेते बदलले, मग कचेऱ्यांतले हिशेबनीस, आणि आता ते इस्पितळातल्या खुर्च्यांपाशी येऊन उभं होतं. अण्णासाहेबांचा करार वाढवायचा की खुर्ची सौदी माणसाला द्यायची, हे डायरेक्टरांच्या एका सहीवर होतं. डायरेक्टर भेटले की हसून 'इन्शाल्ला' म्हणत. या इन्शाल्लाचा अर्थ काय लावायचा, हे इतकी वर्षं तिथे काढूनही अण्णासाहेबांना उमगलं नव्हतं.

पुण्यात घर होतं, नाही असं नाही. पण त्यात मुलगा सिद्धार्थ आणि सून सुरुची राहत होते, आणि सुरुचीनं देव्हारा हलवून त्या जागी व्यायामाचं यंत्र ठेवलं होतं. तिथे गेलं की आपण सोसायटीच्या बाकावरचे एक म्हातारे. इथे मात्र अरबांच्या तोंडी 'दुक्तूर', म्हणजे डॉक्टर, शिवाय मंडळाचे अध्यक्ष. अण्णासाहेबांना परत जायची भीती वाटत होती.

आणि आता देवानं पुतण्याच धाडला होता. दांडेकरांच्या घराण्याची ही विद्याच होती. आडनाव ऐकलं की 'कुठले?' विचारायचं, गाव कळलं की आते-मामे काढायचे आणि तिसऱ्या वाक्याला समोरच्याला नात्यात बसवायचं. अण्णासाहेबांनी जेद्दाच्या भाजीबाजारातसुद्धा एका मराठी इंजिनिअरला आपल्या चुलतमेहुण्याचा साडू ठरवून टाकला होता. मग एका आडनावाचे दोन अरब सख्खे निघाल्याशिवाय राहतात थोडेच? विचारायचीसुद्धा गरज नव्हती. थेट विचारलं तर आपला मतलब उघडा पडेल, एवढी अक्कल त्यांना होती. दुर्दैवानं तेवढीच होती.

ते उठून पुढच्या सीटवर, उस्मानच्या शेजारी जाऊन बसले आणि गुळाला मुंगळा चिकटावा तसे चिकटले. त्याला चिवडा दिला. त्याच्या इंग्रजीची तारीफ केली. आपल्या इस्पितळाचं नाव घेतलं, मग पुन्हा घेतलं. उस्मान भला पोरगा होता. तो चिवडा खायचा, 'थँक्यू दुक्तूर' म्हणायचा आणि फोनवर व्हिडिओ काढत बसायचा. ऐतिहासिक माहिती तो फोनमधूनच वाचून दाखवायचा, आणि मध्ये कुणाचा मेसेज आला तर इतिहास थांबायचा.

बस चालवत होता कादिर, दापोलीकडच्या हर्णैचा. एके काळी या फेऱ्यांचा गाईडही तोच असायचा. आता गाईडचं काम फक्त सौदी माणसाचं, त्यामुळे कादिरच्या हाती नुसतं स्टिअरिंग उरलं होतं. त्यानं माईकला हात लावायचा नाही, अशी सहल कंपनीची सक्त ताकीद होती. कादिरची माहिती खरी असायची असं मुळीच नाही. तो बेलाशक थापा मारायचा. पण थापा रसाळ असत आणि उस्मानची माहिती कोरडी ठणठणीत.

अल उलाला डोंगरात कोरलेली ती प्रचंड थडगी पाहून मंडळ बसमध्ये परतलं. उस्मान बाहेर फोनवर बोलत राहिला. बायकांनी कादिरला गळ घातली, "कादिरभाई, आता तुम्ही सांगा हो. त्यानं काय वाचलं ते कळलंच नाही." कादिर आधी नको नको म्हणाला. मग त्यानं हळूच माईक उचलला.

"आता बघा, ही थडगी कोणी खोदली? व्यापाऱ्यांनी. न् ते व्यापारी मिरी कुठनं न्यायचे? आमच्या हर्णैच्या बंदरातनं! माझ्या आज्याच्या आज्याचा आजा त्यांना मिरी मोजून द्यायचा. एका शेठनं त्याला बोलला, तुला पण एक थडगा खोदून देतो. आजा बोलला, नको, मला अजून घरी जायचा हाय!"

बस हास्यानं दणाणली. कौमुदीबाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात उस्मान दारात येऊन उभा राहिला. काही न कळताही तो हसत होता आणि सवयीनं त्यानं फोन वर धरला होता.

अण्णासाहेबांना वाटलं, हीच ती घडी. ते ताडकन उठले आणि खणखणीत इंग्रजीत कडाडले, "हा या तरुणाचा अपमान आहे! सौदी माणसाचं काम सौदी माणसानंच केलं पाहिजे! परक्यांनी पाहुण्यासारखं राहावं आणि वेळ आली की खुर्ची सोडावी! मी अध्यक्ष या नात्यानं कंपनीकडे तक्रार करणार!"

"दुक्तूर, राहू द्या, माझी काही तक्रार नाही," उस्मान म्हणाला.

"तुझी नसेल. माझी आहे!" आणि अण्णासाहेबांनी उभ्या उभ्या कंपनीला मेसेज धाडला. कादिरनं माईक जागेवर ठेवला आणि गाडी सुरू केली. कौमुदीबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि पुढचा सगळा रस्ता नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. अण्णासाहेबांना थोडी लाज वाटली. पण सही डोळ्यांसमोर आली आणि लाज मागे पडली.

लाल समुद्राकाठी उमलुज गावात मासळीच्या हॉटेलात जेवण झालं. तिथे अण्णासाहेबांनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला. मंडळाच्या सहलीला सत्कार हवाच. त्यांनी उस्मानच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि भाषण ठोकलं. शेवटी आवाज मऊ करून म्हणाले, "आणि तुमच्या काकांना, आमच्या डायरेक्टरसाहेबांना, माझा सलाम सांगा."

"कुठले काका?"

"डॉक्टर अल जुहनी."

उस्मान इतका हसला की नारळ हातातून निसटता निसटता राहिला. "दुक्तूर, अल जुहनी म्हणजे अख्खी जमात! हा हॉटेलवाला अल जुहनी. चौकातला पोलीस अल जुहनी. इथून यंबूपर्यंत दगड मारा, अल जुहनीलाच लागेल. तुमच्या डायरेक्टरांना मी ओळखतही नव्हतो."

'नव्हतो' म्हणजे काय, हे अण्णासाहेब विचारणार, तोच त्यांचा फोन वाजला. डायरेक्टरच होते. आवाजात इतका ओलावा अण्णासाहेबांनी कधी ऐकला नव्हता.

"दुक्तूर, माशाल्ला! तुमचा व्हिडिओ पाहिला. त्या पोरानं टाकला आणि आमच्या सगळ्या लोकांत फिरतोय, मी मघाशीच त्याला शाबासकीचा मेसेज केला. मी कित्येक दिवस संकोचात होतो. इतक्या जुन्या माणसाला जा कसं म्हणायचं? मी तुमचा करार वाढवायला निघालो होतो, खरंच सांगतो, वरून कितीही दट्ट्या आला तरी. पण तुम्ही स्वतःच म्हणालात, वेळ आली की खुर्ची सोडावी. केवढं मोठं मन! मी आत्ताच दुसऱ्या कागदावर सही केली."

अण्णासाहेबांनी बोलायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते फक्त आभाराचं "शुक्रन."

उस्मानलाही तोवर डायरेक्टरांचा मेसेज आला होता. त्यानं खुर्चीवर उभं राहून सगळ्यांना दुक्तूरांनी खुर्ची सोडल्याची बातमी सांगितली आणि स्वतःच्या अंगावरची शाल काढून अण्णासाहेबांना पांघरली. हॉटेलवाल्या अल जुहनींनी टाळ्या वाजवल्या. मंडळानंही वाजवल्या, कारण शाल दिसली की टाळ्या वाजवायच्या एवढं मंडळाला पक्कं ठाऊक होतं.

बसपाशी कादिर काच पुसत उभा होता. त्याच्याकडेही कंपनीचा निरोप पोचला होता. ही फेरी संपली की नोकरी खलास.

"डॉक्टरसाहेब, तुमचापण झाला वाटते," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच अण्णासाहेबांना सोसवेना. त्यांना माफी मागायची होती. पण अध्यक्षांना माफी मागायची सवय नव्हती.

कौमुदीबाई पायरी चढता चढता थांबल्या. अल उलापासून त्या पहिल्यांदाच बोलल्या, त्याही नवऱ्याशी नव्हे. "कादिरभाई, निघायच्या आधी माईक घ्या आणि ते मिरीचं पुरं करा. आता तुमचंही काही जायचं राहिलं नाही आणि आमचंही."

कादिरनं माईक घेतला. बस कान टवकारून बसली. त्यानं पुढच्या सीटवर शाल पांघरून बसलेल्या अण्णासाहेबांकडे पाहिलं. "बोलू ना, अध्यक्षसाहेब?"

अण्णासाहेबांनी उत्तर द्यायच्या आधी वळून उस्मानकडे पाहिलं, त्याची परवानगी आहे का म्हणून. उस्मान नारळ मांडीवर घेऊन गाढ झोपला होता.